मनातलं विचारा : चारचौघात ‘बायकी’ दिसायची भीती

यावेळच्या पत्रांमधली बरीचशी एकाच गोष्टीभोवती फिरतायत. पुरुषासारखं दिसणं, बोलणं, चालणं, आणि ते जमत नसेल तर आपण कमी आहोत असं वाटणं. म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकाला ठेवले आणि हीच पत्रं एकत्र घेतली. ओळख पटेल असे तपशील काढून टाकलेत.

दादा नमस्कार, मी २९ वर्षांचा, मूळचा सातारा जिल्ह्यातला, सध्या चाकणला एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला आहे. मी गे आहे हे मला कॉलेजपासून माहितीये, घरी कुणाला माहीत नाही. डेटिंग ॲपवर प्रोफाइलला मी ‘ओन्ली मस्क, नो सिसी, डिस्क्रीट’, म्हणजे मर्दानीच हवा, बायकी नको, सगळं गुपचूप, असं लिहिलंय, सगळे लिहितात म्हणून मीही लिहिलं. तरी मागच्या वर्षी एका मुलाशी ओळख झाली आणि तो बरोबर उलटा निघाला, बोलताना हात हलवतो, मोठ्याने हसतो, चालणंही तसंच. रूमवर दोघंच असलो की वाटतं याच्यासारखं माणूस मिळणार नाही, मला डेंग्यू झाला तेव्हा सुट्टी टाकून त्याने माझं सगळं केलं. पण बाहेर पडलो की मी वेगळाच होतो. परवा एफसी रोडला फिरत होतो आणि समोरून माझ्या लाइनवरचे दोघं आले, तर मी सरळ पुढे निघून गेलो, हा माझ्यासोबत नाहीच असं दाखवलं. तो काही बोलला नाही, रिक्षा करून गेला. रात्री मेसेज आला, ‘तुला माझी लाज वाटते ना.’ मी अजून रिप्लाय दिलेला नाही. मी स्वतःचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐकतो, बायकी वाटतो का ते बघायला, मीटिंगच्या आधी आवाज खाली उतरवून बोलायची प्रॅक्टिस करतो, उभा राहताना हात खिशात ठेवतो म्हणजे मनगट हलणार नाही. मला तो आवडतो पण त्याचं बायकीपण नाही आवडत. त्याला थोडं बदल म्हणून सांगितलं तर चुकेल का?

आधी त्याला रिप्लाय दे, हे उत्तर वाचायच्याही आधी. काय लिहायचं सुचत नसेल तर जे माझ्याजवळ कबूल केलंस तेच त्याच्याजवळ कर, की मी घाबरलो, पळालो, आणि तुझ्याशी वाईट वागलो. सॉरीच्या पुढे ‘पण’ लावू नकोस.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. हो, चुकेल. मी स्वतः गे आहे आणि इतकी वर्षं अशा मुलांशी बोलत आलोय, त्यामुळे तुझ्या पत्रातली एफसी रोडची गोष्ट मला जेवढी लागली त्यापेक्षा ती मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करण्याची जास्त लागली. कारण ही सवय चाकणला लागलेली नसते रे. ती दुसरी-तिसरीत लागते. कुणीतरी ‘ए बायल्या’ म्हणतं, वर्ग हसतो, पीटीचे सरही हसतात, आणि त्या दिवसापासून ते पोरगं स्वतःवर एक वॉचमन बसवून टाकतं. बसायचं कसं, हसायचं किती, पाणी पिताना करंगळी वर जात नाही ना, गॅदरिंगला नाचायचं की नको. आपण गे आहोत हे कळायच्या कितीतरी आधी हे शिकून झालेलं असतं. मोठेपणी शाळा सुटते, सर रिटायर होतात, वॉचमन मात्र ड्युटीवरच राहतो, आणि आता तू त्याला त्या मुलावरही बसवायला निघालायस.

इलान मेयर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने २००३ साली यावर एक मांडणी केली, ती आता जगभर वापरली जाते. त्याचं म्हणणं असं की समलिंगी माणसाच्या मनावरचा ताण फक्त बाहेरून होणाऱ्या मारहाणीचा, टोमण्यांचा नसतो. आता कुणीतरी काहीतरी बोलेल या अपेक्षेत सतत सावध राहणं, स्वतःला लपवणं, आणि लोक जे बोलतात ते हळूहळू स्वतःलाच खरं वाटायला लागणं, हे तिन्ही आतून चालू असतं आणि माणसाला झिजवतं. तुझ्या पत्रात तिन्ही आहेत. रेकॉर्डिंग, खिशातले हात, आणि ‘नो सिसी’. या तिसऱ्याबद्दल मला जास्त बोलायचंय.

कुणाला कोण आवडावं यावर वाद नाही. तुला दाढीवाले, जिम केलेले आवडत असतील तर आवडू देत, मनाला कुणी ऑर्डर देऊ शकत नाही. पण ‘मला असे आवडतात’ हे सांगून थांबता येतं, ‘तसल्यांनी येऊ नये’ हे लिहायची गरज कुठून येते? ती पाटी वाचणारा एखादा एकोणीस वर्षांचा मुलगा असतो, परभणीचा, बार्शीचा, ज्याला घरच्यांनी नावं ठेवली, वर्गाने ठेवली, गल्लीने ठेवली, आणि शेवटी मोठ्या आशेने तो आपल्यासारख्यांमध्ये येतो तर इथेही दारावर तेच लिहिलेलं. हा प्रकार जगात सगळीकडे इतका वाढला होता की २०१८ मध्ये ग्राइंडर या गे डेटिंग ॲपलाच आपल्या युजर्ससाठी ‘काइंडर’ नावाची मोहीम काढावी लागली, की बाबांनो जाडे नको, बायकी नको, अमुक रंगाचे नको असं लिहून एकमेकांना मारू नका. तू ती ओळ आज काढून टाक, त्याच्याशी पुढे काय होईल ते होवो.

आणि अजून एक. ‘तो आवडतो पण बायकीपण नाही’ असं तू लिहिलंयस, तर जरा त्या डेंग्यूच्या दिवसांकडे परत बघ. कपाळावर पट्ट्या ठेवणं, वेळेवर पेज करून भरवणं, तू चिडचिड केलीस तरी न चिडणं, हे करताना त्याला ‘हे बायकांचं काम’ असं वाटलं नाही म्हणून तर तो ते करू शकला. त्याचं मोठ्याने हसणं आणि त्याची माया या दोन वेगळ्या गोष्टी नाहीयेत, तो असा मोकळा आहे म्हणून दोन्ही आहे. त्यातलं एक ठेवून दुसरं काढायला सांगितलंस तर उरेल तो तुझ्यासारखाच खिशात हात घालून उभा असलेला माणूस.

ऑफिसची भीती मात्र मी खोटी म्हणणार नाही. २०१८ ला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून आपण सुटलो तरी खासगी कंपनीत गे म्हणून त्रास झाला तर थेट दाद मागता येईल असा वेगळा कायदा आपल्याकडे अजून नाही, आणि चाकणच्या शॉप फ्लोअरवर काय भाषा चालते ते मला माहितीये. तू लाइनवर सगळ्यांना सांग असं मी अजिबात म्हणत नाही. कधी सांगायचं, सांगायचं की नाही, तो निर्णय फक्त तुझा. पण ‘हा माझा मित्र’ म्हणून नाव सांगून ओळख करून द्यायला काही कुणाला आउट व्हावं, म्हणजे आपण गे आहोत हे सांगावं लागत नाही. लोक दोन दिवस काहीतरी बोलतील, बोलू देत. आवाजाचं रेकॉर्डिंग सुटत नसेल तर मात्र समुपदेशकाकडे जा, त्यात मागेपुढे बघू नकोस. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

मी ४७ वर्षांचा, डोंबिवली. चांगल्या हुद्द्यावर आहे. माझं मत परखड आहे. आमच्यासारखे सर्वसामान्य पुरुषांसारखे राहणारे गे लोक पुष्कळ आहेत पण टीव्हीवर दिसतात ते प्राइड मोर्चात साड्या नेसून, लिपस्टिक लावून नाचणारे. त्यांच्यामुळे समाजात आपली इमेज खराब होते आणि आमच्या घरचे म्हणतात हेच का तुमचं. हे लोक जरा नीट वागले तर समाज आपल्याला लवकर स्वीकारेल असं तुम्हाला वाटत नाही का?

नाही वाटत, आणि तुमच्या वयाच्या माणसाकडून हे ऐकून वाईट वाटतं कारण तुम्ही तो सगळा काळ पाहिलाय. कलम ३७७ इंग्रजांच्या १८६० च्या दंड संहितेतलं. जवळपास दीडशे वर्षं ते आपल्या डोक्यावर होतं, पण त्याचा धाक दाखवून स्टेशनवर, बागेत, सार्वजनिक संडासाबाहेर पोलिसांनी पकडलं कुणाला? शर्ट-पँट घालून, बॅग घेऊन लोकल पकडणारे तुम्हीआम्ही गर्दीत मिसळून जायचो. कॉलर धरली जायची ती ज्याला लपताच येत नाही त्याची. कोथी म्हणजे बायकी वागणारी मुलं, हिजडे, रस्त्यावर उठून दिसणारे. पैसे त्यांनी दिले, मार त्यांनी खाल्ला, चौकीत कपडे त्यांचे उतरवले गेले.

१९९० मध्ये मुंबईत ‘बॉम्बे दोस्त’ हे आपल्या लोकांचं नियतकालिक निघालं, १९९४ मध्ये आपल्यासाठी काम करणारा हमसफर ट्रस्ट उभा राहिला, १९९९ मध्ये कोलकात्यात देशातला पहिला प्राइड मोर्चा निघाला तेव्हा जेमतेम पंधरा माणसं चालली होती. त्या काळात चेहरा दाखवून पुढे येणं म्हणजे काय होतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. आणि ६ सप्टेंबर २०१८ ला ज्या निकालाने तुम्ही-मी कायद्याने गुन्हेगार राहिलो नाही, त्या केसला ज्यांचं नाव आहे ते नवतेज जौहर कोण? भरतनाट्यमचे नर्तक. पुरुष असून पायात घुंगरू बांधणारा माणूस. तुम्हाला मिळालेलं स्वातंत्र्य अशा माणसाच्या नावाने कायद्याच्या पुस्तकात लिहिलेलं आहे.

राहिला समाज स्वीकारण्याचा मुद्दा, तर समाजाला साडी नेसलेला पुरुष झेपत नाही हे कुणी सांगितलं? याच महाराष्ट्राने बालगंधर्वांवर जीव ओवाळून टाकला. त्यांच्यासारखी साडी नेसायची, त्यांच्यासारखा गजरा माळायचा म्हणून घरंदाज बायका त्यांची नक्कल करायच्या, लोकमान्यांनी कौतुक केलं, पुण्यात त्यांच्या नावाचं रंगमंदिर आहे. तमाशातल्या नाच्यावर शिट्ट्या मारणाऱ्यांत तुमचेआमचे आजोबाही होतेच. स्टेजवर चालतं, तिकीट काढून चालतं, फक्त घरात, गल्लीत, आपल्या पोरात चालत नाही. हा ढोंगीपणा आहे आणि तो त्या मुलांमुळे आलेला नाही. ती उद्या सगळी सफारी घालून आली तरी तुमच्या घरचे म्हणतील, बाकी ठीक आहे पण लग्न कर. कारण त्यांचा आक्षेप लिपस्टिकला नाहीच, दोन पुरुषांनी एकमेकांवर प्रेम करण्याला आहे.

तुम्ही साडी नेसा असं कुणी म्हणत नाही, तुम्हाला जसं राहावंसं वाटतं तसं राहा. पण प्राइडला एकदा या, ऑगस्ट क्रांती मैदान डोंबिवलीपासून काही लांब नाही. तिथे त्यांच्यातल्या कुणाशी तरी दहा मिनिटं बसून बोला, कुठून आला, घरी काय म्हणतात, खोली कुणी भाड्याने देतं का, एवढंच विचारा.

दादा, मी नाशिकहून लिहितेय. माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे, बारावीला. लहानपणापासून त्याला नाच आवडतो, लावणी तर इतकी सुंदर करतो की माझ्या बहिणी बघत राहतात. चालणं-बोलणं मुलींसारखं आहे. ह्यांना ते सहन होत नाही, तालमीत घाला म्हणतात, मागे नाचाचे कपडे फेकून दिले. आता नणंदेने एका डॉक्टरांचं नाव आणलंय, ते म्हणे अशा मुलांना ‘सरळ’ करतात, काही बैठका आणि गोळ्या. मी न्यावं का? आणि तो तसा असेल का?

ताई, नेऊ नका. कुणीही कितीही मोठं नाव सांगितलं तरी नेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, आपल्याकडच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने, इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने, २०१८ ला हा आजार नाही असं सांगितलं, आणि मद्रास हायकोर्टाच्या आदेशानंतर नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मध्ये असल्या ‘बदलून देण्याच्या’ उपचारांना डॉक्टरचं गैरवर्तन ठरवलं. म्हणजे असा उपचार करणाऱ्या डॉक्टरविरुद्ध तुम्ही राज्याच्या मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करू शकता. नणंदबाईंना हे सगळं सांगा, नीट, न भांडता, पण सांगाच.

तो ‘तसा’ आहे का हे मला इथे बसून सांगता येणार नाही आणि खरं म्हणजे तुम्हालाही त्याच्या चालण्यावरून सांगता येणार नाही. नाजूक बोलणारे, नाचणारे कितीतरी पुरुष बायकोमुलांसह सुखाने राहतायत, आणि तालमीत लाल मातीत घुमणाऱ्यांमध्येही गे असतात, मी ओळखतो. काही मुलांना पुढे असंही उमगतं की आपण मुलगा नसून मुलगी आहोत. यातलं काय ते त्याचं त्यालाच कळेल, कदाचित कळलेलंही असेल. खोदून विचारू नका. ते फेकून दिलेले कपडे मात्र त्याला परत घेऊन द्या. बाजारात त्याला सोबत घेऊन जा, रंग त्याला निवडू द्या. शंभर वेळा ‘आई आहे ना’ म्हणण्यापेक्षा त्याला त्यातून जास्त कळेल.

ह्यांच्याशी मात्र एकट्याने लढू नका. वडिलांचा राग बऱ्याचदा चारचौघांच्या बोलण्याचा असतो, त्यांचा भाऊ, मित्र, कुणीतरी ज्याचं ते ऐकतात त्याला विश्वासात घ्या. आणि बारावीचं वर्ष आहे, कॉलेजमध्ये त्याला कुणी चिडवतं का, मारतं का याची चौकशी करा. २०१८ च्या त्या निकालात न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी लिहिलंय की इतिहासाने या लोकांची आणि त्यांच्या कुटुंबीयांचीही माफी मागायला हवी. कुटुंबीयांची हे महत्त्वाचं. तुम्हाला जो त्रास होतोय, नणंद-जाऊ-शेजारणी यांच्यात मान खाली घालावी लागतेय, तोही अन्यायच आहे आणि त्यात तुमची किंवा तुमच्या संस्कारांची काही चूक नाही.

संपादक महोदय, मी निवृत्त मुख्याध्यापक, रत्नागिरी. आपले मासिक आमच्या घरी सर्वजण वाचतात. अलीकडे या सदरात जे विषय येतात ते कौटुंबिक मासिकाला शोभत नाहीत. हे पाश्चात्त्य प्रश्न आहेत, मराठी माणसाचे नाहीत.

सर, नमस्कार. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं. त्यात वाचक पत्रं पाठवायचे, कर्वे उत्तरं द्यायचे, अगदी या सदरासारखंच. त्यातले काही प्रश्न हस्तमैथुनाचे होते, काही समलिंगी संबंधांचे. त्या उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि कोर्टात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर. केस हरले, दंड झाला, तरी कर्व्यांनी मासिक १९५३ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत चालवलं. नव्वद वर्षांपूर्वी मराठी माणसं मराठीत हेच विचारत होती, सर. आणि तुम्ही मुख्याध्यापक होतात, तुमच्या वर्गांमधून हजारो मुलं गेली असतील, त्यात अशी मुलं होती. ‘सर्वजण वाचतात’ असं म्हणालात त्याचा मला आनंदच झाला, त्या सर्वांमधल्या एखाद्याला कदाचित याची गरज असेल.

मी २१, कोल्हापूर. गे आहे. आवाज पातळ आहे, अंग पण बारीक, सगळे चिडवतात. जिममध्ये एकजण टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं देतो, म्हणाला दोन-तीन महिन्यात मर्द होशील, आवाज पण बसेल. तीन घेतली. पुढे घेऊ का? याने माझं गे असणं पण जाईल का?

अजिबात घेऊ नकोस, पुढचं एकही नाही.

गे असणं हार्मोन कमी असल्यामुळे नसतं, त्यामुळे हार्मोन टोचून ते जात नाही. १९४० च्या दशकात अमेरिकेत डॉक्टरांनी हे करून बघितलं होतं, गे पुरुषांना पुरुषी हार्मोन दिलं, तर इच्छा वाढली पण ती पुरुषांबद्दलचीच राहिली. आवाज वयात येताना फुटतो, तो तुझा फुटून झालाय, आता इंजेक्शनने त्यात तुला हवा तसा फरक पडणार नाही. उलट बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की शरीर स्वतःचं बनवणं बंद करतं, अंडकोष लहान होतात, शुक्रजंतू कमी होतात, रक्त घट्ट होतं, पिंपल्स येतात, केस गळतात, आणि ज्याला तू सगळ्यात जास्त घाबरतोस तेही होऊ शकतं, छाती बायकांसारखी वाढते. जिममध्ये मिळणाऱ्या बाटलीत लेबलवर लिहिलंय तेच आहे याचीही काही खात्री नाही.

तुला मर्द व्हायचं नाहीये रे, तुला चिडवणं थांबायला हवंय, आणि तू ते अंगावर घेतोयस. दंड कमावले तरी चिडवणारे दुसरं काहीतरी शोधतात, मी असे पिळदार शरीराचे गे पुरुष बघितलेत ज्यांना आजही फोनवर ‘मॅडम’ म्हटलं की दिवसभर जेवण जात नाही. व्यायाम कर, जरूर कर, तब्येतीसाठी कर, कोल्हापुरात काय तालमींना तोटा आहे, पण त्या माणसापासून लांब राहा.

तीन घेऊन झालीत म्हणून घाबरून जाऊ नकोस. एंडोक्रायनॉलॉजिस्ट म्हणजे हार्मोनचा डॉक्टर मिळाला तर त्याच्याकडे, नाहीतर तुमच्याकडच्या सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या मेडिसिन ओपीडीला जा आणि काय टोचलं, कधी, किती, सगळं खरं सांग. बाटलीचा फोटो असेल तर दाखव. हार्मोनची आणि रक्ताची तपासणी करून घे. सुई नवीन होती का, सगळ्यांना एकच वापरत होता का हे आठव, जरा जरी शंका असेल तर एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी, सी ची टेस्ट कर. एचआयव्हीची टेस्ट सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसी सेंटरला मोफत होते आणि रिपोर्ट गुप्त ठेवतात. पहिली निगेटिव्ह आली तरी तीन महिन्यांनी परत एकदा करायची असते, ती चुकवू नकोस. रिपोर्ट आले की मला परत लिही.